हळद्या

पहिल्या खेळात तो सगळा मिळून अकरा मिनिटं होता.
आम्ही मोजली होती, मी आणि शिवलिंगनं,
आरपीडी कॉर्नरच्या कॅफेत, तासाला पंधरा रुपये.
खाली मिठाईवाल्याच्या कढईत कुंदा आटत असायचा
आणि वर कीबोर्डलाही करपल्या दुधाचा वास.

त्याचं खरं नाव इंग्रजी, जिभेवर न बसणारं.
अंगात पिवळा लांब कोट, म्हणून मी म्हणायचो हळद्या.
शिवलिंग म्हणायचा अरिशिण.
एकच माणूस, एकच कोट.
भांडण फक्त हाक कशी मारायची यावर,
तेही तास संपेपर्यंत.

नायक आम्हाला कधीच आवडला नाही.
चिखलातून गेला तरी शर्ट पांढरा,
दिसेल त्याला विचारणार, काही मदत करू?
हळद्या विचारायचा नाही.
आपण पुलाच्या मधोमध लोंबकळत असायचो,
तो वर उकिडवा बसून दात कोरायचा,
मग सुरी काढून दोर कापायचा.
का, ते सांगितलं नाही.
आणि अगदी शेवटी किल्ल्याचं दार कुणीतरी आतून उघडायचं,
वळणावर पिवळ्या कापडाचं एक टोक दिसायचं फक्त.
का, तेही नाही.
तिसऱ्या रेल्वे गेटपाशी मालगाडी जाईस्तोवर
आम्ही त्यावरच बोलायचो.
तो मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचा, मी उलटं.

मग उद्यमबाग. एकच फौंड्री, एकच पाळी.
एक मायक्रोमीटर पडला. जपानी.
कुणाच्या हातून, ते आम्हा दोघांनाच माहीत.
साहेबानं विचारलं तेव्हा त्यानं माझं नाव घेतलं,
माझ्याकडे बघत, सावकाश, आडनावासकट.
तीन महिने मी घरी.
पुढच्या सोमवारी त्यानंही काम सोडलं,
हुबळीला गेला म्हणे.
माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटांत एक बिननावाचं निघालं,
आत तीन महिन्यांचा पगार,
वरच्या सुट्ट्या रुपयांसकट.

आता हळद्याचा स्वतःचा खेळ आलाय.
भाच्यानं, सुयोगनं, हप्त्यावर घेतलाय.
त्यात हळद्याला बालपण आहे, एक मेलेली बहीण,
जळालेलं घर,
कोट कुणाचा होता तेसुद्धा कळतं.
मला नको होतं एवढं.
वाळूचे खड्डे लांबी भरून घासले
की कास्टिंग असंच दिसतं, गुळगुळीत.
आम्ही असले नग परत पाठवतो.

पण सातव्या टप्प्यात पूल आला.
तोच. वारा तोच, करकरणारा दोर तोच.
खाली पांढरा शर्ट लोंबकळतोय
आणि कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकतोय.
दोर आपण कापायचा.
मागं फिरलं तर भिंत.
थांबलं तर खेळही थांबतो, तक्रार करत नाही,
हळद्या दात कोरत राहतो.
मी चहा संपवला.
बहिणीनं आतून जेवायला हाक मारली, दोनदा.
"दाब की, मामा."

तेव्हा पडताना मला नुसतं आभाळ दिसायचं.
वरून दिसतं ते तोंड.
उघडं, बावळट,
अजूनही काही मदत करू का विचारणारं.

दाबलं.
कंट्रोलर हातात थरथरला, थोडासाच,
फरशीवर एखादी जपानी वस्तू पडावी तेवढा.

फोनमध्ये त्याचा नंबर अरिशिण नावानंच आहे.
लागतो का, ते कधी बघितलं नाही.

पडद्यावर हळद्या पुलापलीकडं उभा,
कोटाला सुरी पुसतोय.
"आता कुठं जायचं?" सुयोग विचारतो.
मी नकाशा उघडतो. बाण नाही, टिंब नाही.
दोन्ही अंगांना रस्ता,
आणि पाट्यांवर कसली तरी लिपी,
खेळवाल्यांनी मनानंच रचलेली,
कुणालाच न वाचता येणारी.