सायबीण पुढच्या घरी

कुडतरीच्या आमच्या वाड्यावर सायबीण रोज एका घरी उतरते,
रात्रभर राहते, दुसऱ्या संध्याकाळी शेजारी जाते.
क्रम ठरलेला: कपेलापासून खाली, तळ्याच्या बांधापर्यंत.
त्या क्रमात माझ्यानंतर एव्हारिस्तचं घर येतं.
क्रम मी लावलेला नाही.

एकोणीस वर्षं आमच्यात भिंत आहे.
चिऱ्यांची, छातीएवढी, वर सिमेंटात रोवलेल्या काचा.
फेणीच्या बाटल्या त्या,
माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला
लोरेन्सने आणि त्याने मिळून रिकाम्या केलेल्या.
लोरेन्स काचा लावत होता तेव्हा घमेलं मी धरलं होतं.
हे कुमसारात सांगून झालं आहे. दोनदा.

लोरेन्सला नेलं त्या दिवशी एव्हारिस्त आला नाही.
बलकांवात उभा होता, टोपी हातात.
मी बघितलं. बघितल्याचं कुणाला सांगितलं नाही.
शत्रूसाठीही मागावं म्हणतात, म्हणून रात्री मागायचे,
'आणि बाकीचे सगळे' एवढ्यात त्याला बसवून.

दरवर्षी माझ्या दारातून सायबीण वाड्यातली पोरं न्यायची.
मी मागच्या खोलीत
फरशीवरचं मेण खरवडत बसायचे,
गाणी भिंतीपलीकडे पोचेपर्यंत.
यंदा पोरं नाहीत.
बोनी बोटीवर, आग्नेलची दोघं लिस्बनला,
रोमाल्दीनच्या दाराला कुलूप, कुलपाला गंज.
उरलो आम्ही पाच म्हाताऱ्या आणि विजेरी धरणारा पेद्रु.
"तूच घे, इर्मेलिंद," तो म्हणाला, "माझा गुडघा बघतेस ना."

घेतली.
सहा महिन्यांच्या मुलाएवढं वजन,
तिच्या कडेवरच्या बाळासकट.
देवाची प्रीती अथांग आहे, असं पाद्रीने रविवारी सांगितलं,
तेव्हा मी सुंगटांच्या भावाचा विचार करत होते.
अथांग म्हटलं की मला आमचं तळं दिसतं,
आणि मला पोहता येत नाही.
वजन मात्र कळतं. मनगटात कळतं, काखेत,
पाठीत जिथे लोरेन्स तेल चोळायचा तिथे.

रस्त्याने एकशे चाळीस पावलं.
भिंत नसती तर अकरा.
मी मोजत होते, आणि रोझारीचे मणी चुकले.

दारात लिब्रात, हात झग्याला पुसत.
मागून तो.
त्याने हात पुढे केले, आणि ते थरथरत होते.
रागाने नव्हे. दुखणं असतं ना, तसलं.
कधीपासून, मला ठाऊक नाही.
भिंतीवरून माणसाचे हात दिसत नाहीत.
मूर्ती त्याच्या हातांत टेकली तसा
तिचा मुकुट डुगडुगू लागला.
सोडली तर पडेल.
म्हणून मी सोडली नाही.

उंबरठा आम्ही दोघांनी एकदम ओलांडला,
आडवे, कुर्लीसारखे,
चार हात एका लाकडाखाली,
त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर, गार.
माफी कुणी मागितली नाही.
"सावकाश," तो म्हणाला.
एकोणीस वर्षांतला पहिला शब्द.
"पायरी आहे," मी म्हटलं,
त्याच्याच घरात, त्यालाच.

तेर्स संपलं. लिब्रातने उकडलेले चणे दिले,
खोबऱ्याचे तुकडे घालून, वर्तमानपत्राच्या पुडीत.
परतताना एका हातात पुडी.
दुसरा हात कुठे ठेवावा कळेना.

भिंत होती तिथेच होती.
चांदण्यात काचा चमकत होत्या,
चांगल्या दिसत होत्या, खोटं का बोलू.
तिथंच उभी राहून एक चणा तोंडात टाकला.

मीठ कमी.
उद्या सांगेन तिला.