अकरा सेकंद

नियम साधा होता : गोष्ट तीन मिनिटांची,
वर एक सेकंदही नाही.
कुताइसीच्या आमच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
एरवी जिथे अकाउंटन्सीचे पेपर होतात त्या हॉलमध्ये
पडदा म्हणून हॉस्टेलची चादर, इस्त्री न केलेली,
त्यामुळे प्रत्येकाच्या गोष्टीला मधोमध एक घडी.
मी घड्याळवाला. कात्रीवालाही मीच,
कारण चालणारा लॅपटॉप माझा.

कुणी आजोबांच्या ट्रकवर केली होती,
कुणी लिफ्टवर, नाणं टाकल्याशिवाय जी आठव्या मजल्याला नेत नाही.
वाख्तांगच्या गोष्टीत नुसतं गाढव होतं,
दोन मिनिटं चाळीस सेकंद रवंथ केल्यासारखं तोंड हलवत.
ते सगळ्यांना आवडलं.

ग्वांत्साची भरली तीन मिनिटं अकरा.

चित्रं म्हणजे खोकी फक्त.
इटलीहून मिनीबसच्या पोटातून चार दिवस हेलपाटत येतात ती :
कॉफी, धुण्याची पावडर, शेवया,
भावाचे बूट, दर खेपेला एक नंबर लहानच,
आणि चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात नाव, दोनदा गिरवलेलं.
आवाज आईचा.
बारी नावाच्या गावात ती एका म्हातारीला सांभाळते,
सहा वर्षं झाली.
रात्री म्हातारीचा डोळा लागला की
फोनमध्ये बोलून ठेवते, सकाळी इकडे पोचतं.

‘कुठून कापू?’ मी विचारलं.
ग्वांत्सा नखं खात होती. ‘तूच बघ, दाची.
मला तिचं काहीच जास्तीचं वाटत नाही.’

मला सापडलं.
दीड मिनिटाच्या आसपास आई थांबते.
आत कुठेतरी घंटी. आई परक्या भाषेत ओरडते, आले, आले.
चपला. नळ. नळ बराच वेळ.
मग दम खाऊन, ‘हं, तर काय सांगत होते...’
बरोब्बर अकरा. जणू नियमाच्या मापानंच बेतलेले.
मी उडवले.
सांधा असा जमला की मलाच कळेना कुठे होता.
खरं सांगतो, खूश होतो स्वतःवर.

संध्याकाळी हॉल भरला. हीटर एकच, त्याच्याभोवती परीक्षक.
खोकी एकामागून एक चादरीवर आली,
मधली घडी प्रत्येक खोक्याला उघडल्यासारखी दाखवत होती.
नातेला बाई रडल्या, पण त्या गाढवालाही रडल्या होत्या.
ग्वांत्साला दुसरं बक्षीस : एक पेन ड्राइव्ह आणि डाळिंबं.

रात्री तिनं आईला पाठवली.
उत्तर यायला तास लागला.
जिन्यात उभं राहून आम्ही दोघांनी ऐकलं :
‘छान झालंय गं. खोकी किती सुबक दिसतात.
पण मी एवढी सलग
कधी बोलले?’

मग हसली. मग घंटी. मग संपलं.

ग्वांत्सा माझ्याकडे बघत नव्हती.
मी म्हणालो, नियम होता. ती म्हणाली, हो.
आणि डाळिंबांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

ते अकरा सेकंद मी पुसलेले नाहीत.
फाइलला नाव सुचलं नाही, नुसता आकडा आहे.
ऐकतो कधीकधी.
नळाच्या आवाजात खाली अजून काहीतरी आहे,
बहुतेक ती गुणगुणते आहे,
नाहीतर पाइप.

रविवारी मिनीबस आली. पंधरावं खोकं.
ड्रायव्हरनं नाव वाचून हाक मारली, चुकीचा उच्चार करून,
आम्ही ते थांब्याच्या बाकावर ठेवलं, मधे.
पट्टी तीनपदरी. ग्वांत्सा म्हणाली, कात्री दे.
होती माझ्या खिशात, छोटी.
म्हटलं, थांब,
नखानं निघतेय का बघू आधी.