गुरुवारी आठ वाजता

नव्वद दिवस इर्मेली आली नाही
म्हणून गेमने परस्पर मला गिल्डचा प्रमुख केलं.
ना मतदान, ना निरोप,
पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी ओळ:
नेतृत्व आता तुमच्याकडे.
मी तेव्हा बटाटे सोलत होतो.

एके काळी चाळीस जण लागायचे एका ड्रॅगनला.
एकोणचाळिसांना तो उभं जाळायचा.
आणि चाळिसावी म्हणजे हापरांडाची कायसा,
नदीपलीकडची, स्वीडनच्या घड्याळातली,
आठ म्हटलं की आमच्या नऊला उगवायची.
तासभर आम्ही गुहेच्या तोंडाशी बसून,
अंगात चिलखतं, मध्ये शेकोटी,
आणि बोलणं कशाचं, तर
तुओमोच्या बर्फ काढायच्या गाडीचा गिअर,
यर्कीचा घटस्फोट,
सातूच्या लेकीला फुटलेला पहिला दात.
पेपर मिलमधलं आमचं मशीन बंद होणार
हे मला फोरमनच्या आधी
त्या शेकोटीपाशी कळलं.

ड्रॅगन मेला की खरी लढाई: वाटणी.
इर्मेली ओउलूच्या कर कार्यालयात कारकून.
तिची चौकटींची वही होती.
कोण किती गुरुवार आलं,
कोण मध्येच उठून गेलं,
कोणी कोणाला मरू दिलं,
सगळं शिसपेन्सिलीने, गुणांसकट.
एका ढालीवरून यर्की आणि मी
दोन महिने बोललो नाही.
जी ढाल कुठे नव्हतीच
तिच्यापायी माझी झोप मात्र खरी गेली.
(अजूनही म्हणतो, ती माझीच होती.)

मग बटण आलं.
दाबलं की बारा सेकंदांत चार अनोळखी.
ड्रॅगनही आटवला, पाच जणांत उरकणारा.
ज्याचा वाटा त्याच्या झोळीत, भांडण नाही.
काम झालं की जो तो नाहीसा,
लिफ्टमधून उतरल्यासारखा.
मला सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू.
रात्रपाळी, गुडघा,
कोणाची वाट न पाहता झोपता येऊ लागलं.
गिल्ड कोणी सोडलं नाही.
नुसतं यायचं राहिलं.
यादीतली नावं एकेक करून राखाडी झाली
आणि कुठलं शेवटचं, ते माझ्या ध्यानात नाही.

आता गिल्ड म्हणजे पाच टक्के जादा सोनं.
मदतीच्या पानावर एवढंच लिहिलंय.

प्रमुख झालो तशी तिजोरी उघडली.
दोनशे बारा औषधाच्या बाटल्या,
ज्या पायरीवर आता कोणी थांबतही नाही
त्या पायरीच्या.
आणि अगदी शेवटच्या कप्प्यात,
जो प्रमुखाशिवाय कोणाला दिसत नाही,
ती ढाल.
तीच. दुसरी.
म्हणजे पुन्हा एकदा पडली होती कधीतरी
आणि बाईने दडवली.
कप्प्याला नाव दिलेलं: पुरे झालं.
मी एकटाच हसलो, मग फोन लावला.
हा क्रमांक वापरात नाही.

फलकावर तिची सूचना तशीच होती:
गुरुवारी आठ वाजता. आधी जेवून या.
ती बदलायचा अधिकार आता माझा.
बोट घुटमळलं. राहू दिली.

मंगळवारी एका पोराचा अर्ज आला,
नावाच्या शेपटीला तीन आकडे.
कारण: पाच टक्के.
घेतला.
हॅलो नाही, काही नाही.
दोन दिवस आपला आपण खनिजं खणत होता.
गुरुवारी आठला दोन मिनिटं कमी असताना
त्याने लिहिलं,
आठला काय असतं?

काय सांगणार?
चाळीस जण, कायसाचं घड्याळ, वही?
मी लिहिलं, जेवलास?
बराच वेळ काही नाही.
गेला असेल, म्हटलं, सगळे जातात तसा.
मग उमटलं:
नाही. आई कामावरून आली की.

बरं, म्हटलं.
गुहेच्या तोंडाशी जाऊन बसलो.
शेकोटी पेटवायची कळ कुठली होती,
आठवायला जरा वेळ लागला.
जेवून ये, लिहिलं.
थांबतो.