नसलेली फ्लॉपी

बर्फाच्या कारखान्यामागची खोली मिळाली आम्हाला,
कारण तिथली भिंत गार असते आणि एसीचं बिल वाचतं.
खोलीत एकच यंत्र, काळं, पाठीवर मिठाचा पापुद्रा,
आणि त्या एकात पाच जण राहतात:
पतपेढीची खाती,
डिझेलची कुपनं,
लिलावाचा फलक,
बर्फाच्या टाक्यांचं तापमान,
आणि पाचवी, ‘चाचणी दोन’,
जी कुणी सुरू केली ते हर्णैत आता कुणालाच आठवत नाही.

प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच.
चूल आपली, विहीर आपली, पडवीही आपलीच.
एकमेकांचा खोकलासुद्धा ऐकू जात नाही.
मधल्या भिंती मीच घातल्या, म्हणजे
विकत आणून बसवल्या,
आणि चेअरमन शौकत पेटकरांना छातीठोक सांगितलं:
पाहुणा यजमानाच्या माजघरात येऊच शकत नाही.

शुक्रवारी रात्री सूचना आली.
भिंतीला भोक आहे.
भोक आहे फ्लॉपीच्या खाचेत.

तीनदा वाचलं.
आमच्याकडे फ्लॉपी नाही. अख्ख्या बंदरात नाही.
शेवटची पाहिली ती शाळेत, निळी,
बाईंच्या कपाटात, काचेआड.
पण भिंत रचणाऱ्यांनी कधीकाळी
दर पाहुण्यामागे एक खोटी फ्लॉपी ठेवली होती,
लागलीच तर असावी म्हणून,
लग्नघरात एक पान जास्तीचं मांडतात तशी,
आणि ते पान मग कुणी उचललंच नाही.
त्या नसलेल्या खाचेत मावतील त्याहून जास्त शब्द कोंबले
तर ते पलीकडे सांडतात.
सांडलेल्या शब्दांना हात फुटतात.

दुरुस्ती आहे, मी म्हटलं, पण पाचही जणांना
एकदम झोपवावं लागेल. दीड तास.
“दीड तास?” शौकतभाई म्हणाले. “पहाटे चारला होड्या लागतात.
फलकाविना पापलेट कोण उचलणार? सोमवारी बघू.”

शनिवारी आंजर्ल्याच्या बांधावर गेले, उगाच.
चिमाजी भुवड मांडीभर चिखलात,
हातात पेंढा आणि चिकणमातीचा गोळा.
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात.
“कुर्ल्या,” तो म्हणाला, जशी कुणी शेजाऱ्यांची तक्रार करावी.
“पान्याच्या अंगानं बील दिसत नाय बाय.
पात पिवली परली का समाजतं. मंग काय उपेग?”
मग शोधता कसं?
“व्हटीला. पायानं.
जिथं पाय गार लागंल, तिथं.”

रात्री खोलीत चपला काढून बसले.
सगळे दिवे हिरवे. एकूण एक हिरवा.
पाचांच्या नोंदी वाचत गेले, ओळ न् ओळ,
जशी एखादी सासू पिशव्या तपासते.
खाती निजलेली. कुपनं निजलेली. टाक्या उणे नऊ.
आणि दोन वाजून अकरा मिनिटांनी
‘चाचणी दोन’ने, जिला वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं,
फ्लॉपी मागितली.

एकदाच.
मग गप्प.

पाय गार पडला.

कुणाला विचारलं नाही. पाचही झोपवले.
कारखान्याची घरघर तेवढी उरली, आणि भिंतीपलीकडे
बर्फाची लादी तडकल्याचा आवाज.

चारला होड्या लागल्या. फलक काळा.
शौकतभाई माझ्यावर ओरडले,
मग त्याच आवाजात भाव पुकारू लागले, काय करणार,
आवाज आधीच चढलेला होता.
जनी चोगलेने टोपलीमागे दोनशे कमी दिले
आणि म्हणाली, फलक असता तर दिले असते गो.

भोक बुजवलं. उजाडायच्या आत.
पण दोन अकरा ते दोन सतरा,
त्या सहा मिनिटांत काय सांडलं, किती, कुणाच्या घरात,
ते अजून मोजते आहे.

खाती जुळतात. कुपनं जुळतात.
पात हिरवी आहे.
अजून.