बामणोली धक्का, सव्वानऊ

सेल्फ मारला की फिरतं. पकडत नाही.
वाघमोडे सिस्टर लसीचा डबा मांडीवर घेऊन
नावेत बसल्यात. घड्याळ बघतात, मला नाही.

लाल क्लिप जागेवर. गिअर न्यूट्रल.
प्लग काढला, लुंगीला पुसला,
लोखंडाला टेकवून परत सेल्फ :
निळी ठिणगी, चांगली टपोरी.
म्हणजे आग आहे.
पोटातच काही जात नाही.

नळीतला रबरी फुगा दाबला
तर तो चपटाच राहिला,
भाजल्या वांग्यागत.

आबा काठावर तंबाखू मळत होते.
"झाकण बघितलंस का रं?"

टाकीच्या झाकणावरचा तो एवढासा स्क्रू.
रात्री मीच आवळलेला,
पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून,
दोनदा चाचपून.

अर्धा आटा सैल केला
आणि टाकीनं श्वास घेतला. खरंच, ऐकू आला,
झोपेत कूस बदलावी कुणी तसा.
फुगा भरला.
पहिल्यांदा नुसता धूर. मग
कोयनेच्या पाण्यावर थरथर.

आबांच्या डब्यांची झाकणं कायम सैल.
लहानपणापासून मी मागं फिरून आवळत आलोय.

कांदाटीची बाजू येईपर्यंत
सिस्टर लसीच्या डब्यावर
दोन्ही तळवे दाबून बसल्या होत्या.
ते मात्र घट्टच हवं.