तिसरी तार

माँटानातल्या ब्यूट गावात, टेकडीच्या उतारावर
एकोणीसशे बारा सालचं घर.
दारात तौनो लेहतोला, वय एकाहत्तर,
खालच्या ओठावर बोट ठेवून.
"माइक चावला," म्हणाला.
हातात गिटार, ओठ माइकला,
आणि मधला पूल तो स्वतः.

मी विचारलं, प्लगचा तिसरा पाय कुठाय?
त्यानं खिडकीकडे पाहिलं.
पक्कड अजून तिथंच पडलेली.
भिंतीला भोकं दोन,
म्हणून अँप्लिफायरचा पाय कापला, मिक्सरचा कापला,
पुतण्याचा नवा कीबोर्ड आला, त्याचाही.
"चालतंय की सगळं."
चालतं, तौनो. चालतं चालतं
आणि एके दिवशी माणूस थांबतो.

माळ्यावर गेले. गुडघ्याखाली भुसा, टॉर्च दातांत.
तुळयांवर चिनी मातीची पांढरी बोंडं
आणि त्यांवरून ताणलेल्या दोन तारा,
वीतभर अंतर राखून,
अबोला धरलेल्या बहिणींसारख्या.
बोट लावताच कापडाचं वेष्टन झडलं.
नखानं खरवडलं तर आतून लालबुंद.
चांगलं तांबं. इथलंच असणार,
याच घराच्या पायाखालून काढलेलं.

तळघरात फ्यूजची पेटी.
एक फ्यूज काढला, तर मागं
एक सेंटचं नाणं, काळं पडलेलं.
"बाबांनी घातलंय," जरा अभिमानानंच.
खाणीतून आले की बाबा व्हायोलिन घ्यायचे,
फ्यूज उडायचा, नाच थांबायचा, लोक हिरमुसायचे.
मी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.
"उडतो तेच बरं," म्हटलं.
"घरात कुणीतरी सगळ्यात दुबळं लागतं.
ते आधी जळतं, म्हणून बाकीचे झोपतात."
बोलून गेले, मग वाटलं,
हे मी फ्यूजबद्दल नाही बोलले.

स्वस्तातला उपाय होता:
तीन भोकांचं सॉकेट, मागं तारा दोनच.
तसलं मी विकत नाही.
पेटी बदलली. वाद्यांच्या खोलीला वेगळी लाइन,
माळ्यावरचं पैसे साठतील तसं.
नव्या केबलमध्ये ती तिसरी, उघडी तार,
जिनं वर्षानुवर्षं काहीच करायचं नसतं
आणि एकदाच, निमिषात,
सगळं अंगावर घ्यायचं असतं.

अर्थिंगचा रॉड तीन फुटांवर खडकाला अडला.
ज्या गावानं जमीन मैलभर पोखरली
तिथं मला आठ फूट मिळेनात.
शेवटी चर खणला, रॉड आडवा निजवला.
शंभर वर्षं उभ्या घराला
अर्थ नव्हता. तो असा आला, मातीत आडवा.

संध्याकाळी त्यानं अँप्लिफायर लावला.
आवाज वाढवला. अजून वाढवला. जाळीला कान लावला.
भीत भीत ओठ माइकला टेकवले.
काहीच नाही.

मी हत्यारं भरत होते. तो तसाच,
तारा पिळतोय, सैल करतोय, पुन्हा पिळतोय.
"आम्ही त्याच्यावर जुळवायचो."
"कशावर?"
"त्या घूंऽऽवर. बाबा, आयनो, मी.
बी आणि बी फ्लॅटच्या मधे कुठंतरी.
बाहेर कुणाशीच जुळायचं नाही.
घरात जुळायचं."

बिलात याला रकाना नाही.
तीस वर्षं हाच सूर ऐकत आलेय मी,
परक्यांच्या भिंतींना कान लावून.
पक्कड खाली ठेवली,
ओठ मिटून तो धरला.
तौनोनं दुसरी तार
किंचित सैल केली.