चालत येणाऱ्यांची रेघ

आपियातल्या त्या सभागृहाचे पंखे
तिसऱ्या दिवशीही एकाच बाजूला वारा टाकत होते.
आम्ही अकरा बेटांच्या परिचारिका,
तुवालूचा एक शाळामास्तर, पेनितुसी,
आणि फिजीचा लाइसेनिया, ज्याच्या पिशवीत
कमरेचा घेर मोजायच्या
एकसारख्या अकरा फिती होत्या.

कापडी फीत दमट हवेत ताणते, तो म्हणाला,
मग माणूस कागदावर बारीक होतो.
खातं खूश. माणूस तेवढाच.
सगळे हसले. मी जरा उशिरा हसले,
माझ्या खिशात कापडीच होती,
नऊ वर्षांची.

मग भिंतीवर तक्ता आला.
साखरेच्या अकरा आडव्या रेघा,
माझ्या बेटाची तर कागदाबाहेर पडू पाहणारी.
सगळ्यात आखूड
किरिबातीच्या एका टोकाच्या बेटाची, तेरेतियाची.
टाळ्या झाल्या.
कुणी म्हणालं, सांगा, काय केलंत? आम्ही लिहून घेतो.
पेनांची टोपणं निघाली.

तेरेतिया लगेच उठली नाही.
टेबलाखाली पायानं चपला चाचपल्या,
मग उभी राहिली.
दवाखाना धक्क्यापाशी आहे, म्हणाली,
वस्ती पार त्या टोकाला, मध्ये नुसती वाळू.
ज्यांचे पाय कापले ते येत नाहीत.
जे येतात त्यांना मी मोजते.
चालत येणाऱ्यांची रेघ आहे ही.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय
हे प्रवाळबेटावरच्या माणसाला
कुणी समजावून सांगायला नको.

थोड्या वेळानं लाफाएले बोलला, सवाईईचा.
मी सोमवारी रक्त घेतच नाही,
रविवारच्या जेवणानंतर आकडे मला लाजवतात.
गुरुवारी घेतो.
पेनितुसी म्हणाला, शाळेच्या फाटकात मी
गोड पेयांना बंदी केली,
मुलं रस्ता ओलांडून घेतात.
दुकान माझ्या बायकोचं आहे.
मी खिशातून फीत काढून टेबलावर ठेवली.
कुणी हसलं नाही.

आणि मग जेवण आलं.
नारळाच्या दुधातला तारो, डुक्कर,
डब्यातलं खारं गोमांस, ताटाच्या काठाबाहेर.
वाढणाऱ्या बायका पहाटे तीनला उठल्या होत्या.
नको म्हणायला आमच्या भाषेत शब्द आहे,
पाहुण्याच्या तोंडात तो बसत नाही.
आम्ही जेवलो. मी दोनदा घेतलं.
हे इतिवृत्तात नाही.

इतिवृत्त चौदा पानांचं आहे, कपाटात आहे.
खरं ठरलं ते संध्याकाळी, फणसासारख्या फळांच्या
त्या झाडाखाली, बोटीच्या तिकिटामागे:
वर्षातले पंधरा दिवस
प्रत्येकीनं दुसरीच्या बेटावर मोजायचं.
आपल्या माणसाला जे विचारता येत नाही
ते परकी विचारते.

ऑगस्टमध्ये मी तेरेतियाकडे गेले.
सायकल वाळूत रुतायची, ढकलत नेली.
सतरा घरं. सतराव्यात बाउरो,
कोरड्या जमिनीवर उलथ्या होडीला टेकून
जाळं विणत, डावा पाय गुडघ्याखाली नाही.
दुखणं किती वर्षं अंगावर काढलं, मी विचारलं.
त्यानं विणकाम थांबवलं नाही.
तुमच्याकडे आहेत का असे?

आहेत, म्हटलं. एक.
ववाऊला, आमच्या मागच्या पडवीत,
दुपारभर रेडिओ लावून बसतो,
पाहुणे आले की मांडीवर चादर ओढतो.

कोण तो?

नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी
मी वही भरून वर पाठवलीय,
सहीनिशी.
त्या वहीत माझ्या बापाचं नाव
कुठेच नाही.

बाउरोनं जाळ्याची गाठ दातानं तोडली,
बाजूची चटई हातानं झाडली,
बस म्हणाला.